आपले कोण, परके कोण? : एका दुर्लक्षित ग्रंथीचा इतिहास

नाशिकहून पेठकडे निघालेला रस्ता सावळघाट ओलांडतो तसा द्राक्षबागांचा मुलूख मागे पडतो आणि भात, नागली, वरईच्या उतारांचा मुलूख सुरू होतो. गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा तालुका कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांचा. पाऊस उदंड, पण पाणी उतारावरून निघून जाते, आणि सुगी संपली की त्यामागोमाग माणसेही निघतात. कोणी दिंडोरी-निफाडच्या बागांत, कोणी नाशिकच्या बांधकामांवर. आषाढ-श्रावणात लावणीचे कष्ट ऐन भरात असतात, तेव्हा घरातली कणगी तळाला गेलेली असते. आणि याच दिवसांत अंगणवाडीतली ताई लहान मुलांच्या डाव्या दंडाभोवती एक कागदी पट्टी गुंडाळते. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग तिच्यावर असतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की लाल रंग दिसतो आणि मूल तीव्र कुपोषितांच्या, म्हणजे सरकारी भाषेत 'सॅम'च्या, यादीत जाते.

त्या पट्टीला दंडावरचे मांस कळते. पण त्याच मुलाच्या छातीत, उरोस्थीच्या मागे आणि हृदयाच्या वर, आणखी एक अवयव तितकाच, किंबहुना जास्त, वाळलेला असतो. तो पट्टीला कळत नाही. हा अवयव म्हणजे थायमस. मराठी विश्वकोशाने तिला 'यौवनलोपी ग्रंथी' असे नाव दिले आहे. बालपणी मोठी, तारुण्यात ओसरू लागणारी आणि पुढे बरीचशी चरबीत विरून जाणारी, म्हणून यौवनलोपी. आपले शरीर 'आपले कोण आणि परके कोण' हे जिथे शिकते ती ही जागा. गंमत अशी, की या ग्रंथीला ओळखताना खुद्द वैद्यकानेच आपले-परके यांत मोठी गफलत केली. ती गफलत गरिबांच्या शरीरावरून झाली, आणि तिची किंमत श्रीमंतांच्या मुलांनीही मोजली. तो इतिहास पेठच्या अंगणवाडीपर्यंत येऊन पोचतो, म्हणून हा लेख.

*

थायमस हे नाव ग्रीक. कोणी म्हणतात, तिचा आकार थाइम नावाच्या सुगंधी झुडपाच्या पानासारखा, म्हणून. कोणी त्याचा संबंध प्राण किंवा चित्त या अर्थाच्या 'थुमॉस' या शब्दाशी लावतात. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनला एवढे दिसले होते, की ही ग्रंथी लहान प्राण्यांत मोठी असते आणि वयाबरोबर घटते. पुढची सतराशे वर्षे तिचे काम कोणालाच उमगले नाही. ज्याचे काम ठाऊक नाही त्याच्यावर आळ घेणे सोपे असते. १६१४ साली बाझेलच्या फेलिक्स प्लाटर या वैद्याने, श्वास कोंडून दगावलेल्या एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूचे कारण म्हणून या वाढलेल्या ग्रंथीकडे बोट दाखवले. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या आर्नोल्ड पाल्टाउफने या संशयाला शास्त्रीय नाव दिले : 'स्टेटस थायमिकोलिम्फॅटिकस'. ज्या मुलांची थायमस मोठी ती मुळातच नाजूक प्रकृतीची. एखाद्या किरकोळ निमित्तानेही, क्लोरोफॉर्मच्या एका हुंगणीनेही ती दगावू शकतात, असा हा सिद्धांत.

पुरावा काय? तर पाळण्यात झोपेत किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर अचानक गेलेल्या मुलांच्या छातीत डॉक्टरांना ही ग्रंथी 'नेहमीपेक्षा' मोठी दिसे. पण 'नेहमीची' थायमस केवढी, हे त्यांनी कुठे पाहिले होते? शवविच्छेदनाच्या टेबलावर. आणि त्या टेबलावर येत असत ती बहुधा गरिबांची प्रेते. इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने अनाथाश्रम आणि दरिद्रीगृहांतली बेवारस प्रेते वैद्यकीय विद्यालयांना मिळू लागली. इतरत्रही रीत फारशी वेगळी नव्हती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. आपल्याकडचा बेवारस प्रेतांविषयीचा 'बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट' १९४९ चा. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मानवी देह शिकवला तो जगभर मुख्यतः ज्याच्या मागे रडायला कोणी आले नाही अशा माणसाने. आणि तो माणूस, त्याचे मूल, बहुधा दीर्घ आजाराने व उपासमारीने गेलेले असे. त्याची थायमस आकसून कागदासारखी झालेली असे. ती झाली 'सर्वसाधारण'. मग एखाद्या खात्यापित्या घरातले मूल अचानक गेले आणि त्याची धडधाकट, भरलेली ग्रंथी दिसली, की ती झाली 'विकृती'.

गफलत पुस्तकातच राहिली असती तर बिघडले नसते. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या आल्फ्रेड फ्रीडलँडर यांनी एका बालकाची वाढलेली थायमस क्ष-किरणांनी लहान करून दाखवली. ग्रंथी लहान झाली, म्हणजे धोका टळला! पुढची तीन-चार दशके अमेरिकेत हजारो तान्ह्या मुलांच्या गळ्याखाली, काही ठिकाणी निव्वळ खबरदारी म्हणून, क्ष-किरण सोडले गेले. १९३१ मध्ये ब्रिटनमधल्या एका समितीसाठी यंग आणि टर्नबुल यांनी शेकडो शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून सांगितले, की असा काही आजारच नाही. तरी प्रथा लगेच थांबली नाही. १९५० मध्ये डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या अठ्ठावीस मुलांचे पूर्ववृत्त तपासले, तेव्हा जवळपास एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमससाठी किरण दिलेले आढळले. थायमसच्या शेजारीच, गळ्यात, थायरॉइड असते. उपचार ज्या आजारावर होता तो नव्हताच. उपचाराने दिलेला आजार मात्र खरा होता.

याहून बोचरी गोष्ट अशी, की ही चूक टाळता आली असती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले त्याच वर्षी, १८४५ मध्ये, लंडनच्या जॉन सायमन या तरुण शल्यविशारदाने थायमसवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्याने स्पष्ट नोंदवले होते, की उपाशी प्राण्यात ही ग्रंथी झपाट्याने आटते आणि चांगल्या पोषणाने भरते. ती पोषणाचा जणू वायुभारमापकच आहे. म्हणजे पाल्टाउफच्या चव्वेचाळीस वर्षे आधी उत्तर छापून झाले होते. पुढे १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले, की थंडी, जखम, विष असा कोणताही मोठा ताण पडला की थायमस आकसते. उत्तर पुन्हा एकदा मिळाले. पण 'गरिबाचे शरीर हे उपासाने बदललेले शरीर आहे' ही गोष्ट ध्यानात घ्यायला वैद्यकाला फार वेळ लागला.

*

तरी ही ग्रंथी करते काय, हा प्रश्न उरलाच होता. १९६१ मध्ये लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत जॅक मिलर हे तरुण संशोधक उंदरांतल्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढली. मोठ्या उंदराची ही ग्रंथी काढली तर त्याला फारसे काही होत नसे. म्हणूनच ती निरुपयोगी मानली गेली होती. ही पिल्ले मात्र आईचे दूध तुटल्यावर खंगू लागली, जंतुसंसर्गाने मरू लागली. त्यांच्या अंगावर दुसऱ्या उंदराच्या कातडीचा तुकडा बसवला तर तो झडून न जाता रुजे, त्यावर केसही उगवत. परक्याला परके म्हणण्याची त्यांची शक्तीच गेली होती. ज्या पांढऱ्या पेशी हे काम करतात त्यांना पुढे थायमसच्या आद्याक्षरावरून 'टी पेशी' हे नाव मिळाले. मोठ्या उंदराला फरक का पडत नव्हता, तेही कळले : त्याच्या शरीरात थायमसने तयार केलेल्या पेशींचा साठा आधीच फिरत होता. बालपणी भरलेल्या कणगीवर आयुष्य काढावे, तसे.

परके ओळखण्याचा प्रश्न मुंबईला नवा नव्हता. १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, ज्याला 'ओ' गटाचे रक्तही चालेना. सर्वांना चालणारे रक्त या शरीराला परके वाटत होते. तो पुढे जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला गेला. रक्तगटांच्या या अभ्यासासाठी १९५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या केंद्रातूनच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था उभी राहिली. जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या मुलांचे निदान आज तिथे होते. रक्तातली प्रतिपिंडे परक्याला कशी धरतात, हे अशा कामातून उलगडत गेले. पण उलटा प्रश्न जास्त अवघड होता : इतकी तिखट नजर असलेली ही यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर का उलटत नाही?

ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट आणि ब्रिटनचे पीटर मेडावर यांना १९६० चे नोबेल मिळाले ते याच प्रश्नासाठी. आपल्याला सहन करण्याची वृत्ती, म्हणजे सहिष्णुता, जन्मजात नसते. ती कमवावी लागते, हे त्यांनी दाखवले. ती मुख्यत्वे कुठे कमावली जाते, ते थायमसमध्ये दिसले. खळ्यावरचे धान्य आधी चाळावे आणि मग सुपात पाखडावे, तसे हे काम चालते. अस्थिमज्जेतून कच्च्या पेशी इथे येतात. प्रत्येकीला काय ओळखता येईल हे जवळजवळ लॉटरीसारखे ठरलेले असते. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात पहिली चाळण : जिला शरीरातल्या पेशींची भाषाच वाचता येत नाही ती निकामी, ती मरते. आतल्या गाभ्यात दुसरी पाखडणी : जी शरीरातल्याच पदार्थाला कडकडून धरते ती धोक्याची, तिलाही बहुधा मारले जाते. शंभर पेशी आत गेल्या तर धड पाचही बाहेर पडत नाहीत.

पण छातीतल्या या छोट्याशा ग्रंथीत स्वादुपिंडाचे इन्सुलिन, थायरॉइडची प्रथिने, डोळ्यातले पदार्थ पेशींना दाखवायचे कसे? ते अवयव तर दूर आहेत. उत्तर एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातून मिळाले. या आजारात, जो फिनलंडमध्ये तुलनेने अधिक आढळतो, मुलाच्या एकामागून एक ग्रंथींवर त्याचीच प्रतिकारयंत्रणा हल्ला करते. १९९७ मध्ये त्यामागचे 'एअर' नावाचे जनुक सापडले आणि २००२ मध्ये त्याचे काम कळले. या जनुकामुळे थायमसच्या गाभ्यातल्या पेशी शरीरभरच्या पदार्थांचे नमुने स्वतःच तयार करून दाखवतात. गावच्या बाजारात साऱ्या पंचक्रोशीचा माल मांडावा, तसे. जो नमुना मांडलाच गेला नाही, त्याची ओळख पटत नाही. मग मोठेपणी त्या अवयवालाच परके समजले जाते.

पाखडूनही काही खडे सुटतात. १९६९ मध्ये निशिझुका आणि साकाकुरा या जपानी संशोधकांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांची थायमस काढली, तेव्हा विचित्र प्रकार दिसला : प्रतिकारशक्ती घटण्याऐवजी माद्यांच्या बीजांडकोषांवर त्यांच्याच शरीराने हल्ला चढवला. थोडी उशिरा बाहेर पडणारी अशी काही टोळी थायमस तयार करत असली पाहिजे, जी इतरांना आवरते. ती टोळी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ओळखली. आज तिला नियामक टी पेशी म्हणतात. त्या पेशींची सूत्रे हाती असलेले जनुक मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल या तिघांना मिळाले.

*

आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या या आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. कोड, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, टाइप १ मधुमेह हे त्यांतले घराघरांत ऐकू येणारे. थायमसशी थेट नाते असलेला आजार म्हणजे मायस्थेनिया ग्रेव्हिस : पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, स्नायू थकत जातात. नॅशव्हिलच्या आल्फ्रेड ब्लालॉक यांनी १९३६ मध्ये अशा एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली आणि ती सुधारली. ग्रंथी काढण्याचा काही रुग्णांना फायदा होतो, हे नीट आखलेल्या चाचणीतून सिद्ध व्हायला २०१६ उजाडले. पण ग्रंथी 'यौवनलोपी' म्हणून मोठेपणी फुकट आहे, असेही नाही. २०२३ मध्ये बोस्टनमधल्या एका अभ्यासात, इतर कारणांसाठी छातीची शस्त्रक्रिया होताना ज्या प्रौढांची थायमस काढली गेली त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांतले मृत्यू आणि कर्करोग जास्त आढळले. नाव यौवनलोपी असले तरी ती लोपते तेव्हाही थोडे काम करत असते.

टाइप १ मधुमेहाचे नाते तर थेट नमुन्यांच्या त्या बाजाराशी आहे. ज्यांच्या थायमसमध्ये जनुकीय कारणाने इन्सुलिनचा नमुना जास्त मांडला जातो, त्यांना हा आजार होण्याची शक्यता कमी असते, हे १९९७ मध्ये दिसून आले. आता इथे, आपल्या देशात, जुनी गफलत उलट्या दिशेने पुन्हा झाली. खेड्यापाड्यांतली हडकुळी, तरुण, गरीब मधुमेही मुले दवाखान्यात येत. पाठ्यपुस्तकाप्रमाणे बारीक आणि तरुण म्हणजे टाइप १, म्हणजे ऑटोइम्यून, म्हणजे भरपूर इन्सुलिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेहाचा वेगळा वर्ग केला होता; १९९९ मध्ये तो काढून टाकला. पण २०२२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या रुग्णांच्या बारकाईने केलेल्या तपासणीत दिसले, की यांच्यापैकी अनेकांचे शरीर स्वतःवर उलटलेले नाही. लहानपणच्या उपासाने त्यांची इन्सुलिन करण्याची ताकदच तोकडी राहिली आहे, आणि त्यांना जास्त इन्सुलिन देणे घातक ठरू शकते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. व्हिएन्नात गरिबाचे शरीर हे मोजमाप धरून श्रीमंताचे मूल आजारी ठरवले गेले. इथे श्रीमंत देशांचे पाठ्यपुस्तक हे मोजमाप धरून गरिबाचे मूल भलत्याच आजाराचे ठरवले गेले. चूक एकच : उपास हिशेबात धरला नाही.

*

म्हणून पुन्हा पेठ. उपाशी मुलाच्या शरीरात ताणाची संप्रेरके चढतात, आणि थायमसच्या बाहेरच्या थरातल्या कोवळ्या पेशी त्यांना सर्वांत आधी बळी पडतात. चरबी घटली की लेप्टिन नावाचे संप्रेरक घटते. जस्तासारखी खनिजे कमी पडतात. ग्रंथी आटते. टी पेशींचे बळ कमी पडल्यामुळे तीव्र कुपोषित मुलाची क्षयाची त्वचाचाचणी क्षय असूनही कधीकधी काहीच दाखवत नाही. साधा गोवर किंवा जुलाब त्याच्या जिवावर बेतू शकतो. इथे एक सावधानता : भुकेने आकसलेल्या ग्रंथीमुळे ऑटोइम्यून आजार होतात, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. परक्याशी लढण्याची ताकद मात्र घटते, हे निश्चित.

१९९० च्या दशकात बोलिव्हियात एका फ्रेंच-बोलिव्हियन गटाने साधी गोष्ट केली : तीव्र कुपोषित मुलांवर उपचार चालू असताना सोनोग्राफीने त्यांची थायमस मोजत राहिले. वजन साधारण एका महिन्यात सावरले. ग्रंथी सावरायला सुमारे दोन महिने लागले. आहारात जस्ताची भर घातली तेव्हा ते अंतर कमी झाले. म्हणजे वजनकाट्यावर मूल बरे झालेले असते तेव्हा त्याच्या प्रतिकारशक्तीला अजून महिनाभर हवा असतो. गांबियातल्या खेड्यांत १९९७ मध्ये याहून धक्कादायक नोंद झाली : सुगीच्या आधीच्या भुकेच्या महिन्यांत जन्मलेली माणसे तरुणपणी जास्त संख्येने दगावत होती. तिथल्या तान्ह्या मुलांची थायमसही भुकेच्या मोसमात लहान भरते, हे पुढे दिसले. बांगलादेशातल्या मतलब भागात मात्र जन्ममहिन्याचा असा फरक आढळला नाही. म्हणून गांबियाचा निष्कर्ष जसाच्या तसा पेठला लावता येणार नाही. पण आषाढातली रिकामी कणगी दोन्हीकडे सारखीच असते, आणि बालपणी भरली नाही ती कणगी पुढे भरायची राहते, हे मिलरच्या उंदरांनी सांगून ठेवले आहे.

आपल्याकडे ग्राम बाल विकास केंद्र आहे, तालुक्याला बाल उपचार केंद्र, जिल्ह्याला पोषण पुनर्वसन केंद्र आहे. तिथला मुक्काम आठवड्यांत मोजला जातो, आणि मुलाची सुटका मुख्यतः वजन आणि दंडघेर पाहून होते. त्यात चूक नाही. सोनोग्राफीचे यंत्र पाड्यापाड्यावर न्यावे असेही कोणी म्हणत नाही. पण सायमनने १८४५ मध्ये जे लिहिले ते खरे मानायचे, तर हिरव्या रंगात आलेले मूल अजून बरे झालेले नसते. घरी गेल्यावर त्याच रिकाम्या कणगीशी त्याची गाठ पडते, आई लावणीला जाते, आणि पहिल्याच जुलाबाबरोबर ते परत लाल रंगात येते. मग त्याची नोंद 'पुन्हा दाखल' अशी होते, जणू ते एकदा पूर्ण बरे होऊन गेले होते.

म्हणून मागणी छोटीशी आहे. पट्टीवर हिरवा रंग दिसला तरी त्या मुलाचे कार्ड लगेच बंद करू नये. आणखी पाच-सहा आठवडे, निदान दिवाळीच्या सुमारास खळ्यावर नागली-वरई येईपर्यंत, त्याचा जादा आहार, जस्ताच्या गोळ्या आणि ताईची घरी फेरी चालू ठेवावी. तेवढ्या वेळात छातीतली ती ग्रंथी भरते.